कुंडीलाही श्वास लागतो

दिवाळीच्या आधी घराला रंग काढला की दोन गोष्टी हमखास उरतात. एक म्हणजे डब्याच्या तळाशी पाव-अर्धा लिटर रंग, आणि दुसरी म्हणजे तो रंग वाया जाऊ नये असं मनापासून वाटणारी गृहिणी. रंगारी पैसे घेऊन गेलेला असतो. ब्रश अजून टर्पेंटाइनमध्ये बुडालेला असतो. आणि नेमकी तेव्हाच बाल्कनीतल्या कुंड्यांकडे नजर जाते. वर्षानुवर्षं पाणी पिऊन त्यांच्या अंगावर पांढरे चट्टे पडलेले असतात, बुडाशी शेवाळ चढलेलं असतं. नर्सरीत पाहिलेली चिनी मातीची निळी, चकचकीत कुंडी आठवते. तिच्यावरच्या किमतीची चिठ्ठीही आठवते. मग मनात येतं, तेवढ्या पैशांत कुंभाराकडच्या सात-आठ साध्या कुंड्या येतील, किंवा काहीच न आणता आहेत त्याच रंगवल्या तर?

हा विचार चांगलाच आहे. फुलझाडांच्या हौसेत इतक्या कमी खर्चात इतका मोठा बदल करणारी दुसरी गोष्ट नाही. एका रविवारी सकाळी बसलं तर संध्याकाळपर्यंत बाल्कनीचं रूप पालटतं, शिवाय मुलांच्याही हाताला काम मिळतं. फक्त कुंडी कशाची आणि रंग कशाचा, याचा मेळ बसावा लागतो. तो बसला नाही की भोगावं लागतं ते कुंडीतल्या झाडाला.

डोंबिवलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात असंच झालं. सुनेनं खिडक्यांच्या गजांसाठी आणलेल्या आकाशी ऑइलपेंटमधून आठ कुंड्या रंगवल्या. काम नेटकं होतं. आधी घासून धुतल्या, दोन हात दिले, कडेवर पांढरी पट्टी ओढली. सासूबाईंनीही कौतुक केलं. पाडव्याला आलेल्या पाहुण्यांनी तर नव्या कुंड्या कुठून आणल्या, असंच विचारलं. त्या आठांपैकी एका कुंडीत मोगरा होता. सासूबाईंच्या गुहागरकडच्या माहेरच्या अंगणातून फांदी आणून वाढवलेला. ते घर पुढे भावांच्या वाटण्यांत विकलं गेलं आणि नव्या मालकानं अंगणात फरशी घातली. त्यामुळे माहेर म्हणून हाताशी उरलेलं होतं ते एवढंच, दीड फुटाचं झुडूप.

डिसेंबरात मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली. मोगरा थंडीत मरगळतोच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. जानेवारीत रिवाजाप्रमाणे छाटणी झाली. फेब्रुवारी संपत आला तरी एकही धुमारा दिसेना, तेव्हा मात्र सासूबाई रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या कुंडीपाशी उभ्या राहू लागल्या. बोलत काहीच नसत. सुनेला तेच जास्त लागत असे.

शेवटी कोपऱ्यावरच्या नर्सरीतल्या म्हाताऱ्या माळ्याला घरी बोलावलं. त्यानं पानं पाहिली नाहीत की फांदी मोडून पाहिली नाही. बोटाच्या पेरानं कुंडीवर टकटक केली. आवाज बद्द आला.

"किती पाणी घालता, ताई?"

"पहिल्यापासून घालते तेवढंच. रोज एक तांब्या."

"पहिली ती कुंडी घाम गाळत होती. तुम्ही तिला रेनकोट घातलात."

माळ्याच्या या एका वाक्यात सगळं आलं होतं. ते समजून घ्यायला शास्त्राचं पुस्तक उघडायची गरज नाही. स्वयंपाकघरातला माठ आठवला की पुरे. माठातलं पाणी गार होतं, कारण भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. माठाला ऑइलपेंट द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. कुंडीही त्याच मातीची, तशाच भट्टीतून निघालेली. झाडाला घातलेल्या पाण्यातलं बरंचसं मुळं पितात, काही वरच्या मातीतून उडतं, काही बुडाच्या भोकातून जातं आणि राहिलेलं कुंडीच्या अंगातून. या शेवटच्या वाटेमुळे मुळं गार राहतात आणि माती वेळेवर वाळते. वाळताना तिच्यात हवा शिरते. मुळांनाही हवा लागते. सतत ओल्या चिखलात बुडालेली मुळं गुदमरतात, मग कुजतात. वर पानं पिवळी पडतात आणि आपण म्हणतो, पाणी कमी पडलं वाटतं, म्हणून आणखी एक तांब्या घालतो.

ऑइलपेंटनं ही वाट बंद होते. पण तो आणखी एक घोटाळा करतो, आणि त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. न रंगवलेली कुंडी बोलते. ओली असताना ती गडद, विटकरी दिसते. वाळली की फिकट होते. वर्षानुवर्षं झाडं सांभाळणाऱ्या बायका पाणी घालताना माती चाचपून पाहत नाहीत. कुंडीच्या रंगाकडे ओझरतं पाहून तांब्या कलता करायचा की पुढे जायचं हे त्यांचा हातच ठरवतो. रंग दिला की ही खूण झाकली जाते. मग बोट दोन पेरं मातीत खुपसून ओल पाहावी लागते, किंवा माळ्यासारखी टिचकी मारावी लागते. आतली माती कोरडी असेल तर खणखणीत आवाज येतो, ओली असेल तर बद्द.

आणि इतकं करूनही मातीच्या कुंडीवरचा ऑइलपेंट टिकतो म्हणावं, तर तसंही नाही. भिंतीवरच्या रंगाला पाऊस बाहेरून लागतो. कुंडीचा पाऊस आतून येतो. रंगामागे ओल साठते. पाण्यातले आणि खतातले क्षार तिच्याबरोबर पृष्ठभागाशी येतात आणि रंगाला मागून ढकलतात. आधी फोड येतात, मग पापुद्रे सुटतात. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला की आकाशी कुंडी खरूज झाल्यासारखी दिसू लागते. जुन्या कुंड्यांवर जे पांढरे चट्टे दिसतात ते याच क्षारांचे. त्यांत घाबरण्यासारखं काही नाही, उलट कुंडी आपलं काम करते आहे याची ती पावती आहे. चट्टे नकोच असतील तर कुंडी रिकामी करून काथ्यानं घासावी. अगदी हट्टी असले तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसावेत आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवावं.

हे सगळं आपल्याकडच्या जुन्या बायकांना ठाऊक होतं, म्हणजे निदान त्या तसं वागत तरी होत्या. कार्तिकात तुळशीचं लग्न आलं की वृंदावन धुऊन त्याला गेरू द्यायचा आणि वर चुन्यानं किंवा रांगोळीनं रेघा, स्वस्तिक, गोपद्म काढायची, हा घरोघरचा रिवाज. गेरू म्हणजे लोहाचा अंश असलेली तांबडी माती. मातीवर मातीचाच हात. त्यामुळे छिद्रं बुजत नाहीत, वृंदावन श्वास घेत राहतं. पावसानं गेरू धुपतो, हे खरं. पण म्हणून तर दर वर्षी तुळशीच्या लग्नाचं निमित्त! दिल्ली-लखनौकडे सरकारी बंगल्यांपुढे आणि कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवंतीच्या कुंड्या एका रांगेत मांडलेल्या असतात. त्यांना तिथले माळी थंडीच्या तोंडावर गेरूचाच हात देतात. हिरवं पान, पिवळं फूल आणि खाली तो तांबूस, चमक नसलेला रंग. यापेक्षा फुलाला उठाव देणारी पार्श्वभूमी विकत मिळणार नाही.

गेरू लावणं सोपं आहे, मात्र घाई चालत नाही. बाजारात खडे किंवा पूड मिळते. खडे असले तर रात्रभर पाण्यात भिजत घालावेत आणि सकाळी फडक्यातून गाळून घ्यावं, नाहीतर कुंडीवर कच उमटते. पातळ ताकापेक्षा किंचित दाट झालं की त्यात थोडं डिंकाचं पाणी घालावं. आजकाल बरेच जण चमचाभर फेव्हिकॉल घालतात, तेही चालतं. पण चमचाभरच. हात सैल सोडला तर पुन्हा गुळगुळीत थर होतो आणि गेरूचा मूळ फायदाच जातो. कोरी कुंडी आधी पाण्यात बुडवून काढावी आणि अंगचं पाणी निथळलं की लावायला घ्यावं. कोरडी ठणठणीत कुंडी ब्रशमधलं सगळं पाणी एका दमात ओढून घेते आणि पट्टे पडतात. पहिला हात वाळला की दुसरा द्यावा.

त्यावर पांढरी नक्षी काढायची असेल तर वारली चित्रांइतकं शोभून दिसणारं काही नाही. त्रिकोणांची माणसं, ताडामाडाची झाडं, तारप्याभोवतीचा फेर या गोष्टी शाळकरी मुलांनाही जमतात. ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहिला जातो आणि तो पूर्वापार सवाशिणी लिहीत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणून जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. कुंडीवर मात्र तांदळाचं पीठ पहिल्याच सरीत वाहून जाईल. तिथे पांढरा ॲक्रिलिक रंग आणि बारीक ब्रश घ्यावा. नक्षीपुरत्या रेघांनी कुंडीचा श्वास कोंडत नाही.

पण सगळ्यांनाच तांबडा रंग आवडतो असं नाही. कुणाला पिवळा हवा असतो, कुणाला मोरपंखी. त्यांनी घराच्या बाहेरच्या भिंतींना देतात तो पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग घ्यावा. ऑइलपेंटच्या तुलनेत तो ओल बरीच बाहेर जाऊ देतो, आणि सोसायटीच्या इमारतीला रंग निघाला की तळाशी उरलेला मागून आणताही येतो! जुनी कुंडी असेल तर झाड काढून ती घासून धुवावी आणि मग चांगली चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवावी. वरून कोरडी दिसली तरी मातीच्या पोटात ओल असते. या एका गोष्टीत आळस केला की पुढची सगळी मेहनत पापुद्र्यांबरोबर निघून येते. रंग बाहेरूनच द्यावा. आतल्या बाजूनं कडेपासून दोन बोटं खाली, म्हणजे मातीची पातळी जिथे येईल तिथपर्यंत आणला की पुरे. त्याखाली आत रंग नको आणि बुडालाही नको. तळाचं भोक रंगानं बुजलं नाही ना, ते पाहावं आणि कुंडी खापराच्या दोन तुकड्यांवर टेकवून ठेवावी.

आता ऑइलपेंटच वापरायचा असेल तर? त्याची जागा वेगळी. ती पत्र्याच्या डब्यावर. मुंबई-पुण्याच्या चाळींतल्या गॅलऱ्यांमधून कित्येक तुळशी डालड्याच्या डब्यात वाढल्या. पिवळा डबा, त्यावरचं हिरवं ताडाचं झाड, आणि त्यातून वर आलेली खरी तुळस. तेलाचा पंधरा किलोचा डबा तर पपईपर्यंत काहीही पेलतो. पत्रा श्वास घेत नाहीच, त्यामुळे रंगानं त्याचं काही बिघडत नाही, उलट गंजापासून तो वाचतो. सोड्याच्या गरम पाण्यानं डब्याचं तेलकटपण घालवावं, गंज असेल तिथे पॉलिश पेपर मारावा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि वर ऑइलपेंटचे दोन. भोकं मात्र आधी पाडावीत, आतून बाहेर खिळा ठोकून, म्हणजे बुडाशी पाण्याला अडणारी कड राहत नाही. नंतर पाडली तर रंगाचे टवके उडतात आणि तिथूनच गंज धरतो. पत्रा उन्हात तापतो, तेव्हा नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात गडद रंगाचा डबा पश्चिमेच्या भिंतीशी ठेवणं म्हणजे मुळं उकडून काढणं. तिथे पांढरा, फिका पिवळा असेच रंग बरे. झाडंही काटक हवीत. सदाफुली, किंवा सकाळी दहाच्या सुमाराला उमलतं म्हणून ज्याला ऑफिस टाइम म्हणतात ते पोर्चुलाका.

सिमेंटच्या कुंड्यांचं तंत्र आणखी निराळं. त्या स्वस्त आणि दणकट असतात, पण कोऱ्या कुंडीतून चुना सुटत राहतो आणि गुलाबासारख्या झाडाला तो मानवत नाही. आठवडाभर तरी पाणी भरून आणि ते रोज बदलून तिची धग घालवावी, नीट वाळवावी, आणि मग सिमेंट प्रायमर लावून रंग द्यावा.

एका बाबतीत मात्र हौसेला सरळ आवर घालावा. माळ्यावर दहा-पंधरा वर्षांपासून पडलेला जुना ऑइलपेंटचा डबा उघडून कुंड्यांवर संपवायचा मोह होतो, तो आवरावा. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल छटांत, शिसं असे. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. केंद्र सरकारनं २०१६ साली नियम करून घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांवर आणलं आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय आहे हे डबा पाहून कळत नाही. कोथिंबीर, पुदिना, मेथी ज्या कुंडीत लावायची तिला असा रंग मुळीच नको. जुन्या, पापुद्रे सुटलेल्या कुंड्या घासतानाही त्या ओल्या करून घासाव्यात, धूळ उडवू नये, आणि त्या वेळी रांगतं मूल बाल्कनीत असू नये.

रंग कोणता, यावरून मात्र घरात मतभेद व्हायचेच. आठ कुंड्या आठ रंगांत रंगवल्या की बाल्कनी रंगारीच्या दुकानासारखी दिसते आणि फुलांकडे कुणी पाहत नाही. स्पेनमधल्या कॉर्डोबा गावातल्या लोकांनी हा प्रश्न फार शहाणपणानं सोडवला आहे. तिथे उन्हाळा कडक, म्हणून घरं मधल्या चौकाभोवती बांधलेली, आपल्या वाड्यांसारखीच. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतींवर वरपर्यंत कुंड्या टांगतात आणि पुष्कळ चौकांत त्या सगळ्या एकाच निळ्या रंगात रंगवलेल्या असतात. त्यांत लाल जिरेनियम. उंचावरच्या कुंड्यांना लांब काठीला बांधलेल्या डब्यानं पाणी घालतात. या चौकांची स्पर्धा १९२१ साली सुरू झाली आणि २०१२ साली युनेस्कोनं हा उत्सव मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात घेतला. कुंड्या तिथेही साध्या मातीच्याच! घेण्यासारखी गोष्ट एवढीच की कुंड्यांना एक रंग, आणि बाकीचे रंग फुलांवर सोपवलेले. आपल्याकडे झेंडू आणि शेवंती असेल तर निळा किंवा जांभळट रंग खुलतो. मोगरा, अनंत, तगर अशा पांढऱ्या फुलांना गेरूच हवा. क्रोटनसारख्या रंगीबेरंगी पानांच्या झाडांना पांढऱ्या कुंडीत ठेवावं आणि गप्प बसावं.

कुंभाराकडे तडा गेलेल्या, कड उडालेल्या कुंड्या बाजूला ठेवलेल्या असतात. त्या जवळजवळ फुकट मिळतात आणि बहुतेक लोक त्यांच्याकडे पाहतही नाहीत. चंडीगडच्या नेकचंद यांनी नेमक्या असल्याच टाकाऊ वस्तूंतून, फुटक्या कपबश्यांतून आणि बांगड्यांच्या तुकड्यांतून अख्खी रॉक गार्डन उभी केली. सरकारी नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षं कुणाला न सांगता. १९७६ साली ती बाग लोकांना खुली झाली. घरच्या घरी तेवढा पसारा नको, पण उडालेल्या कडेवर पांढऱ्या सिमेंटचा पातळ गिलावा देऊन त्यात फुटलेल्या कपाचे निळे-पांढरे तुकडे बसवले तर ती कुंडी बाल्कनीतली सगळ्यांत देखणी ठरते. तुकड्यांच्या धारा आधी फरशीवर घासून बोथट कराव्यात. फक्त कडेचाच पट्टा करावा, खालचं अंग उघडं ठेवावं, म्हणजे श्वासाचा प्रश्नही येत नाही.

डोंबिवलीचा मोगरा त्या फेब्रुवारीत कुंडीतून उपसला, तेव्हा खालची मुळं काळी पडली होती आणि मातीला आंबूस वास येत होता. माळ्यानं कुजलेलं सगळं कापलं. वरच्या अंगाला बोटभर पांढरी मुळं शिल्लक होती. कोऱ्या, न रंगवलेल्या लहान कुंडीत वाळू मिसळलेल्या मातीत तो लावला आणि सावलीत ठेवायला सांगितलं. पाणी कधी घालायचं? "कुंडी फिकी दिसेल तेव्हा." सुनेनं पंधरा दिवस तांब्याला हात लावला नाही. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. एप्रिलच्या मध्यावर एका फांदीच्या बेचक्यात हिरवा ठिपका दिसला. त्या वर्षी एकही फूल आलं नाही. पावसाळ्यात सासूबाईंनी खालची फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबली आणि वर दगड ठेवला. झाड पुन्हा दगावलं तर हाताशी दुसरं असावं म्हणून. दसऱ्यापर्यंत तिला मुळं फुटली. ते रोप आता नणंदेकडे, वडोदऱ्याला आहे.

उरलेल्या सात आकाशी कुंड्या सुनेनं टाकून दिल्या नाहीत. प्लॅस्टिकच्या लहान कुंड्यांत झाडं लावून त्या आत ठेवल्या. बाहेरून शोभा तीच, आणि पाणी साचलं तर आतली कुंडी उचलून निथळवता येते. डासांच्या भीतीनं दर दोन-तीन दिवसांनी बाहेरच्या कुंड्या रिकाम्या करून पुसाव्या लागतात, ते काम नातवाकडे आहे. पुढच्या दिवाळीला पुन्हा रंग काढला, तेव्हा सुनेनं डब्याच्या तळाशी राहिलेला पिवळा ऑइलपेंट तेलाच्या दोन डब्यांवर संपवला. तो वाळत असताना सासूबाई आतून गेरूची वाटी घेऊन आल्या.

"अगं, ब्रश मोकळा झाला की दे. तुळशीचं राहिलंय."

"आई, हा नको. याला टर्पेंटाइनचा वास आहे. तुमच्यासाठी वेगळा आणलाय."